सालीची टोपली आणि १८३७चा करार

पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत कुलाब्याच्या फुटपाथवर ड्रीमकॅचर आता ढिगाने मिळतो. धातूचं कडं, त्यात दोऱ्याचं जाळं, खाली रंगवलेली पिसं. गाडीच्या आरशाला लटकतो, मुलांच्या खोलीत खिडकीला लटकतो. हा कोणाचा, असं विचारलं तर ‘रेड इंडियन लोकांचा’ यापलीकडे उत्तर येत नाही. तो मुळात ओजिब्वे लोकांचा. सुपीरियर सरोवराच्या अवतीभवती, म्हणजे आजच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि पलीकडे कॅनडातल्या ओंटारिओ, मॅनिटोबात पसरलेला हा समाज स्वतःला अनिशिनाबे म्हणवतो. फ्रान्सिस डेन्समोर या अभ्यासक बाईंनी १९२९ साली ओजिब्वे चालीरीतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात या जाळ्याची नोंद आहे. तळहातात मावेल एवढं लाकडी कडं, त्यात लाल रंगवलेल्या दोऱ्याचं विणकाम. तान्ह्या बाळाला ज्या फळीवर बांधून ठेवत तिच्या कमानीला ते लावायचं, वाईट ते सगळं जाळ्यात अडकावं म्हणून. जुन्या काळी दोरा रानातल्या झुडपाच्या वाखाचा असे. पिसांचा पसारा आणि बाजार नंतरचा.

मी मिनेसोटात राहते. मिनिआपोलिसहून उत्तरेला गाडीने दोनेक तासांवर मिल लॅक्स नावाचं अफाट तळं आहे. त्याच्या काठी ओजिब्व्यांच्या मिल लॅक्स बँडची, म्हणजे त्यांच्यातल्या एका गटाची, वस्ती आणि मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीचं म्युझियम. या भागात मोकासिन म्हणजे कातडी जोडे, मणीकाम, भूर्जसालीच्या टोपल्या शिकवणारे वर्ग भरतात आणि बाहेरच्यांनाही त्यात बसता येतं. अशाच एका वर्गात मी ‘मकक’ करायला शिकले. मकक म्हणजे भूर्जाच्या सालीची, झाडाच्या मुळांनी शिवलेली टोपली.

माझे दीर साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवत होते, आता निवृत्त आहेत. यंदा उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले आणि टेबलावरच्या त्या टोपलीवरून आमचा वाद जुंपला. जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. दोन्ही बाजू मला महत्त्वाच्या वाटतात, तरी माझा कल कुठे आहे ते वाचणाऱ्याला कळेलच.

“वहिनी, टोपली सुरेख झाली आहे,” भाऊजी म्हणाले. “पण हिच्यामुळे तुम्हाला ओजिब्वे संस्कृती कळली, असं म्हणू नका.”

“कळली असं मी कुठे म्हणते? शिकायला लागले, एवढंच.”

“काय शिकलात? साल तुम्हाला तयार कापून मिळाली. मुळं भिजवून ठेवलेली होती. आरी हातात दिली, भोकं कुठे पाडायची ते दाखवलं, संध्याकाळी टोपली घेऊन घरी. ज्यांचं रान गेलं, ज्यांची मुलं सरकारने बोर्डिंग शाळांत नेऊन ठेवली आणि त्यांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेतली, त्यांचं हे ज्ञान एका रविवारात आपल्या शेल्फवर आलं. मला याची भीती वाटते. वस्तू हातात आली की माणसाला वाटतं, आपण त्या लोकांना भेटलो.”

मी टोपली त्यांच्या हातात दिली. “काठावरचे टाके बघा. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. आता साल बघा. तिच्यावर या आडव्या रेघा आहेत ना, झाड तिथून श्वास घेतं. सगळी भोकं एका ओळीत पाडली आणि मुळं ओढली, की साल त्या ओळीवर सरळ फाटते, पोस्टाच्या तिकिटासारखी. म्हणून भोकं खालीवर पाडायची, आणि टाके आपोआप लांब-आखूड होतात. म्युझियममधल्या जुन्या टोपल्यांवरही हेच टाके दिसतात. ज्या बाईने ती टोपली शिवली, तिच्या बोटांना काय माहीत होतं ते काचेतून पाहून कळत नाही. साल एकदा हातात फाटावी लागते.”

“हे कारागिरीचं ज्ञान झालं.”

“पुढे ऐका. शिवायचं मूळ स्प्रूसचं. दलदलीच्या जमिनीतून उकरून काढायचं, सोलायचं, सुरीने मधोमध उभं चिरायचं. चीर एका बाजूला सरकायला लागली की जाड बाजूकडे ओढून ती परत मध्यावर आणायची. मूळ वाळलं की मोडतं, म्हणून सतत ओलं ठेवायचं. आणि साल वर्षभर निघत नाही. उन्हाळा लागताना झाडात रस चढतो, तेव्हाच ती सुटते. वरची साल तेवढी घ्यायची. आतलीला धक्का लागला नाही तर झाड जगतं. घेण्याआधी झाडाच्या बुंध्याशी तंबाखू ठेवायची, झाडाला सांगून घ्यायचं. साल ऋतूच्या आधी निघाली तर आतल्या बाजूला तपकिरी थर राहतो, तो खरवडून त्यावर फुलं-पानं काढतात. आता मला सांगा, यातली कारागिरी कुठे संपली आणि संस्कृती कुठे सुरू झाली?”

भाऊजींनी टोपली खाली ठेवली, पण मुद्दा सोडला नाही. “हे तुम्हाला वर्गात सांगितलं म्हणून माहीत. तुम्ही काही झाडाशी गेला नाहीत.”

हे खरं होतं. मी झाडाशी गेले नव्हते, आणि बाहेरच्या माणसाने उठून तिथे साल काढायला जावं असं मला वाटतही नाही. मग मी त्यांना त्या वर्गातली माझ्या सर्वात जवळची गोष्ट सांगितली. भूर्जाच्या बुंध्यावर काळ्या खुणा असतात, पंख पसरल्यासारख्या. त्यांची एक कथा आहे, नानाबोझू नावाच्या कथानायकाची आणि मेघगर्जनेच्या पक्ष्यांची. कोणीतरी शिकवणाऱ्या बाईंना ती सांगायला सांगितली. त्या म्हणाल्या, या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. तेव्हा जुलै होता. त्यांनी विषय तिथेच मिटवला आणि आमच्या टाक्यांकडे वळल्या. कोणी आग्रह केला नाही. इंटरनेटवर ती कथा एका मिनिटात सापडते. पण त्या खोलीत ती कथा ऋतूच्या मालकीची होती, आमच्या कुतूहलाच्या नव्हे. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलं असतं तर माहिती म्हणून वाचलं असतं. तिथे मला ते पाळावं लागलं.

“हा नकार मला आवडला,” भाऊजी म्हणाले. “तुमच्या वर्गातला हा सगळ्यात मोलाचा भाग. आपल्याकडे भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या. हिमालयातला भूर्ज आणि इथला, एकाच कुळातले. इथेही मिदेविविन या धर्मपरंपरेचे जाणकार सालीच्या गुंडाळ्यांवर चित्रखुणा कोरून ठेवत. त्यातल्या कितीतरी गुंडाळ्या संग्राहकांनी उचलून नेल्या आणि म्युझियममध्ये मांडल्या. ज्या समाजाला एवढं ओरबाडलं आहे त्याने काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे स्वतः ठरवावं. टोपली शिकवतात आणि गुंडाळी शिकवत नाहीत, याचा अर्थ त्यांची सीमा त्यांनीच आखली आहे. पण वहिनी, माझा प्रश्न वेगळाच आहे. ते झाड कोणाच्या जमिनीवर उभं आहे?”

इथून पुढे बराच वेळ भाऊजीच बोलले, आणि ते ऐकण्यासारखं होतं. २९ जुलै १८३७ रोजी, आजच्या मिनिआपोलिसजवळच्या फोर्ट स्नेलिंगला, ओजिब्वे प्रमुखांनी अमेरिकी सरकारशी करार केला. सरकारला हवं होतं पाइनचं लाकूड. आजच्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटामधला फार मोठा मुलूख ओजिब्व्यांनी दिला, पण त्या मुलखात शिकार, मासेमारी आणि मनोमिन, म्हणजे तळ्यांतला रानतांदूळ, गोळा करण्याची मोकळीक करारात राखून घेतली. तेरा वर्षांनी, १८५० साली, राष्ट्राध्यक्ष टेलरनी ही मोकळीक रद्द करून लोकांना पश्चिमेला हलवण्याचा हुकूम काढला. त्यासाठी वार्षिक रक्कम आणि धान्य वाटण्याचं ठिकाण सुपीरियरमधल्या मॅडलिन बेटावरून पश्चिमेकडच्या सँडी लेकला नेलं. भर थंडीच्या तोंडावर लोक तिथे पोचले, तर वाटायला जवळजवळ काही नव्हतं, होतं ते धान्यही खराब. उपासमार, रोग आणि परतीच्या बर्फातली वाट यांत साधारण चारशे ओजिब्वे मेले.

“आणि मग,” भाऊजी म्हणाले, “१८५२च्या वसंतात नव्वदी गाठलेले प्रमुख केचेवैश्के, ज्यांना इंग्रजीत बफेलो म्हणत, ते वॉशिंग्टनला निघाले. राष्ट्राध्यक्ष फिलमोरना भेटले. हलवण्याचा हुकूम मागे घ्यायला लावला. दोन वर्षांनी झालेल्या करारात सुपीरियरकाठच्या ओजिब्व्यांना त्यांच्याच मुलखात कायमची जागा मिळाली. त्यांच्या संस्कृतीचा धडा मी मुलांना द्यायचा म्हटला तर इथून सुरुवात करीन.”

“ते निघाले कशातून, भाऊजी?”

ते थांबले. त्यांना अर्थातच माहीत होतं. “होडीतून.”

“भूर्जसालीच्या होडीतून. सुपीरियरच्या काठाकाठाने, पुढे आगबोट आणि रेल्वे मिळेपर्यंत. सालीची पांढरी बाजू आत, आतली गुळगुळीत बाजू पाण्याकडे. सीडारच्या फाकळ्या वाफवून वाकवून आत बसवलेल्या. सांधे स्प्रूसच्या मुळांनी शिवलेले, शिवणीवर डिंक, चरबी आणि कोळशाची भुकटी एकत्र करून लेप. तुमच्या करारामागे ही होडी आहे, आणि होडीमागे ज्यांना मुळं सोलता येत होती अशी शंभर माणसं. त्यांच्याबद्दल कागदात काही नाही. त्यांचं ज्ञान कुठे शोधणार?”

“शोधायला हवं, मान्य,” ते म्हणाले. “पण तुमच्या या वर्गात नाही. विस्कॉन्सिनमधल्या लॅक द्यू फ्लाँबोच्या वेन व्हॅलिअर यांच्यासारखी माणसं आहेत. आयुष्य होड्या बांधण्यात आणि मुलांना भाषा शिकवण्यात घालवलं. २०२०मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. असं ज्ञान पिढीतून पिढीत जातं. त्यासाठी त्या समाजात जन्मावं लागतं, निदान तिथे खूप वर्षं राहावं लागतं. तुम्ही-आम्ही पाहुणे.”

“पाहुणे आहोत म्हणून तर पाहुण्याला जेवढं देतात तेवढंच घ्यावं, पण घेताना लक्ष देऊन घ्यावं. मिल लॅक्सच्या मॉड केग यांचं नाव ऐकलं आहे? १९०४ ते १९९६. मणीकामात नावाजलेल्या. त्यांनाही ती राष्ट्रीय फेलोशिप मिळाली होती, १९९० साली. त्याच बाईंनी आपल्या बालपणाच्या आठवणी ओजिब्वे भाषेत सांगितल्या, जॉन निकल्स या भाषाभ्यासकाने त्या लिहून घेतल्या आणि पुस्तक झालं. त्या म्युझियममध्ये येणाऱ्यांना समजावूनही सांगत. मणी ओवणं, गोष्ट सांगणं आणि बाहेरच्याला दारात उभं राहून काही दाखवणं, हे सगळं एकाच बाईने केलं. तिने दार पूर्ण बंद ठेवलं नाही, तर आपण ते बंद आहे असं का धरायचं?”

मणीकामाचा विषय निघाला तसा भाऊजींनी लगेच विचारलं, की काचेचे ते मणी तर व्हेनिसचे आणि बोहेमियाचे, फरच्या व्यापारातून आलेले. मग परंपरा कसली? मी त्यांना एवढंच म्हटलं, की मिरची आपल्याकडे बाहेरून आली म्हणून ठेचा परका होत नाही. खांद्यावरून घ्यायच्या त्या मोठ्या पिशव्यांवरची वेल, कळ्या आणि पानं बघा. त्यात इथल्या रानातली झाडंझुडपं आहेत. यावर ते हसले आणि वाद तेवढ्यावर राहिला.

त्यांनी स्वतःहून कौतुक केलं ते एकाच वस्तूचं. जिंगल ड्रेस, अंगभर पत्र्याच्या घुंगुरवजा नळ्या लावलेला बायकांचा नाचाचा पोशाख. तो १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास जन्मला असं ओजिब्वे सांगतात. आजारी मुलीसाठी बापाला पडलेलं स्वप्न, त्यातला पोशाख आणि नाच, आणि नाचता नाचता बरी झालेली मुलगी, अशी ती कथा. मिल लॅक्सचे लोक ती आपल्या गावची म्हणून सांगतात, ओंटारिओतही तिची एक जागा आहे. नळ्या तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांच्या वळत. १९२१ साली सरकारी परिपत्रक निघून आदिवासींच्या नाचांवर बंधनं आली, तरी हा नाच चालू राहिला. “त्याच साथीने मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला,” भाऊजी म्हणाले. “मी त्यावरचे अहवाल वाचले आहेत. तक्ते आहेत, मृत्यूंचे आकडे आहेत. पण त्या साथीत मेलेल्यांसाठी कोणी काही शिवलं, नाचलं, आणि ते शंभर वर्षं टिकलं, असं मला आपल्याकडे दिसलेलं नाही. इथे वस्तू कागदापेक्षा जास्त बोलते, हे कबूल करतो.”

पण ते कबूल करून पुन्हा मूळ जागी आले. “मेंढा-लेखा आठवतं ना? गडचिरोलीतलं गाव. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११मध्ये बांबू विकायची वाट मोकळी झाली. तिथल्या गोंडांना बांबूची टोपली विणायला कोणी शिकवावं लागलं नाही, वहिनी. बांबू तोडायचा हक्क मिळवावा लागला. इथेही तेच. मिल लॅक्सचे ओजिब्वे १८३७च्या त्या कलमासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९९९ साली पाच विरुद्ध चार अशा निकालाने जिंकले. आजूबाजूच्या गोऱ्या मच्छीमारांचा केवढा विरोध होता! हक्क नसेल तर साल येणार कुठून? साल नसेल तर तुमचे लांब-आखूड टाके घालणार कशावर?”

या वादात त्यांनी मला खरोखर कोंडीत पकडलं ते इथे. मी बराच वेळ गप्प होते. मग मला काळा अॅश आठवला.

ओजिब्वे ब्लॅक अॅशच्या झाडाच्याही टोपल्या विणतात. ओला ओंडका लाकडी मोगरीने ठोकत राहायचं, की वर्षावर्षाची वलयं एकेक करून सुटतात आणि लांब पट्ट्या मिळतात. एमराल्ड अॅश बोरर नावाचा आशियातला हिरवा भुंगा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा पोषणाचा थर पोखरतात आणि झाड काही वर्षांत मरतं. २००९मध्ये तो मिनेसोटात, सेंट पॉलला, पोचला. उत्तरेच्या दलदलींमध्ये काळा अॅश कोटींनी आहे, आणि भुंगा तिकडे सरकतो आहे.

“कोर्टाने हक्क दिला,” मी म्हटलं, “पण कोर्टाला झाड देता येत नाही. ते झाड कोणत्या दलदलीत अजून निरोगी आहे, त्याच्या वलयांची जाडी किती हवी, कोणतं झाड पट्ट्यांना चालत नाही, हे ज्यांनी ओंडका ठोकला आहे त्यांना माहीत असतं. झाड आजारी पडलं की ते त्यांच्या हाताला आधी कळतं. कराराचा अर्थ रोज कुठेतरी, कोणाच्या तरी हातात चालू असतो म्हणून करार जिवंत राहतो. मनोमिन पाखडायचं भूर्जसालीचं सूप कोणी करेनासं झालं, तळ्यावर कोणी जाईनासं झालं, तर त्या कलमासाठी पुन्हा कोर्टात उभं कोण राहील?”

“म्हणजे त्यांनी करत राहावं. तुम्ही का करावं?”

“कारण मला त्या तळ्याकाठच्या बातम्या आता वाचाव्याशा वाटतात. भुंगा कुठवर पोचला ते मी बघते. तळ्याच्या पाण्यात काय सोडलं जातं ते बघते. आधीही मी इथेच राहत होते, तेव्हा बघत नव्हते. टोपली मी विकणार नाही. विकली तरी ओजिब्वे म्हणून विकता येणार नाही, १९९०चा कायदाच आहे तसा. जे त्या समाजाचे नाहीत त्यांना आपली वस्तू इंडियन कलाकाराची म्हणून खपवता येत नाही.”

“तुळशीबागेला तो कायदा लागू नाही,” भाऊजी म्हणाले, आणि हे त्यांनी दुःखानेच म्हटलं.

खरा निर्णय मात्र आमच्यासमोर वेगळाच होता. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाने मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी मला विचारलं होतं, की एक दिवस ड्रीमकॅचर शिकवाल का? सामानाचे संच ऑनलाइन मागवता येतील. मी मंडळाला कळवलं होतं, की मी शिकवणार नाही. ओजिब्वे शिक्षिकेला बोलवावं, तिला योग्य मानधन द्यावं, काय शिकवायचं ते तिने ठरवावं, आणि साल-मुळं तिच्याकडून विकत घ्यावीत. बाईंनी मककच शिकवायचं कबूल केलं. भाऊजींना यातही धोका दिसत होता.

“मुलं टोपली घेऊन घरी जातील, फोटो काढतील. इथे जन्मलेली आपली मुलं या जमिनीवर वाढत आहेत. ही जमीन कोणत्या कराराने कोणाच्या हातात गेली हे त्यांना आधी सांगा. मग आरी द्या.”

“आधी व्याख्यान दिलंत तर ती ऐकणार नाहीत. हातात काम असलं की मुलं ऐकतात, तेही मान वर न करता. मला आठवतंय, आई निवडायला बसली की आम्हाला घराण्याचा सगळा इतिहास कळायचा.”

“पण तुम्ही सांगणार की त्या बाई?”

“करार त्या सांगतील, त्यांना सांगायचा असेल तर. आपल्या लोकांशी आपण काय बोलायचं ते तुम्ही सांगा. गडचिरोलीचंही सांगा. सगळं संपल्यावर प्रश्नोत्तरं नकोत, कोणाला कथा सांगायला लावायचं नाही.”

ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. १८३७, १८५०, १८५२, १९९९. मग मधेच १८५४ घातलं. मग १९२१ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

“वेळ किती आहे?”

“सकाळी मुळं भिजत घालायची असतात. ती मऊ होईपर्यंत शिवता येत नाही. तासभर लागतो. तो तास तुमचा.”

“एका तासात हे होणार नाही. दीड तास हवा.”

“दीड तास भिजली तरी मुळांना काही होत नाही,” मी म्हटलं, आणि शिक्षिकेला फोन लावला.